पाहुण्याचा हात

त्या उन्हाळ्यात आमच्या घरामागच्या गोदामात एक शहर उभं राहिलं आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ते मोडून पोत्यांत भरलं गेलं. मधल्या काळात घरात जे घडलं ते मी आजवर कोणाला सलग सांगितलेलं नाही. तुकड्यातुकड्यांनी सगळ्यांना माहीत आहे. नातवंडांना शहराचा भाग आवडतो, सुनांना पाहुण्यांचा. आता या वयात सगळं एका जागी ठेवावंसं वाटतं, इतकंच.

आमचं घर आदिलाबादकडच्या बोथच्या बाजारात होतं. पुढे बाबांचं दुकान, मधे आम्ही, मागे गोदाम. दुकानात दोरखंड, ताडपत्र्या, सुतळी, रिकामी पोती, खिळे, पत्र्याची नरसाळी असलं सामान. घरात शिरणाऱ्याला आधी तागाचा वास यायचा आणि मग मायच्या फोडणीचा. गोदामात हंगामात व्यापाऱ्यांचा कापूस भरलेला असे. तो गेला की उन्हाळाभर ते रिकामं पडून राही, आणि दुपारी त्याचे पत्रे तापून टणटण वाजत. बाबा दुकानात तेलुगूत बोलत, बाहेरगावच्या व्यापाऱ्यांशी हिंदीत, आणि आत आले की आमच्याशी आमच्या बोलीत. मी तेव्हा इंटरची, म्हणजे बारावीची परीक्षा देऊन घरी बसले होते. भाऊ नव्हता, बहीण नव्हती. घरात आम्ही तिघंच.

सिनेमावाले आले ते दोर घ्यायला. मग त्यांना ताडपत्री लागली, मग जागा. सिनेमा तेलुगू होता. दुसऱ्या कुठल्याशा ग्रहावरचं पाणी संपतं आणि तिथला एक जण पाणी शोधत इथे उतरतो, अशी गोष्ट. आमच्याकडची काळी जमीन वैशाखात अशी भेगाळते की भेगेत अख्खा हात जावा. शिवाय कुंतलाच्या धबधब्याखालचे खडक उन्हाळ्यात कोरडे पडून उघडे होतात. त्यांना हेच हवं होतं. परका ग्रह म्हणून त्यांनी आमचं शिवार निवडलं यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "पावसाळ्यात आले असते तं दुसऱ्याच गावाले गेले असते."

त्या परक्याला त्यांच्या कागदावर नाव नव्हतं. सगळे त्याला अतिथी म्हणत. मायनं लगेच त्याचं भाषांतर केलं आणि आमच्या घरात तो पाहुणा झाला. "पाहुण्याचं डोस्कं उन्हात नोको ठेवू म्हणा, वितळून राह्यलं," असं ती स्वयंपाकघरातून सांगे. कारण पाहुण्याचं डोकं खरंच वितळत असे. ते रबराचं होतं.

ही सगळी करामत करणारा माणूस म्हणजे शेषगिरी. मद्रासहून आलेले, पन्नाशीचे, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांच्या हाताखाली माणसं होती, पण मोठ्यानं बोलताना मी त्यांना ऐकलं नाही. गोदामात त्यांनी फळ्यांचा मोठा ओटा बांधला आणि त्यावर शहर मांडायला घेतलं. साबणाच्या पेट्या, औषधाच्या बाटल्या, बांगड्या, विजेचे फुटके बल्ब, आमच्याच दुकानातली नरसाळी, कुकरच्या शिट्ट्या. सगळ्याला करडा रंग दिल्यावर ती शिट्टी आहे हे ओळखता येईना. खिडक्यांमागे टॉर्चचे बल्ब लावले. ढगांसाठी कापूस पिंजून काचेवर पसरला. विमान, म्हणजे पाहुणा ज्यातून येतो ते, मायच्या दोन जर्मनच्या, हलक्या अॅल्युमिनियमच्या परातींचं होतं. एकमेकींवर पालथ्या घालून रिवेट ठोकलेलं. ते ठोकणं दोन दिवस चाललं आणि बाजारातल्या लोकांना वाटलं आमच्याकडे लग्नाची भांडी घडवून राह्यले.

एक दिवस शेषगिरींनी मला शेतात बोलावून कॅमेऱ्यातून बघायला लावलं. शहराची एक फळी ओट्यावरून काढून त्यांनी कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात, हातभर अंतरावर टांगली होती. त्यामागे लांबवर भेगाळलेलं शेत आणि शेताच्या टोकाला काही माणसं. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर एक टांगलेली फळी आणि लांबची माणसं. कॅमेऱ्याला डोळा लावला आणि फळी नाहीशी झाली. शहर शेताच्या टोकाला जाऊन उभं होतं, टेकडीएवढं, आणि ती माणसं त्याच्या दारातून चालत बाहेर येत होती. मी डोळा काढला, पुन्हा लावला. शेषगिरी म्हणाले, "कॅमेऱ्याला एकच डोळा असतो अम्मा. एका डोळ्याला जवळचं लहान आणि लांबचं मोठं यात फरक कळत नाही. आपण त्याचा फायदा घेतो." ते तेलुगूत बोलत, मलाही अम्मा म्हणत, आणि मी शाळेत शिकले होते तेवढ्या तेलुगूत उत्तर देई.

पुढे मी खूप सिनेमे बघितले. नातू मोबाइलवर दाखवतो ते तर काहीच्या काही असतात, आख्खी शहरं कोसळतात, आणि हे सगळं म्हणे खुर्चीत बसून करतात. मी बघते. पण त्या फळीनं शेताच्या टोकाला जाऊन उभं राहावं तसं त्यातलं काही माझ्यापुढे उभं राहत नाही. हे माझं वयही असेल.

युनिटचं जेवण बाहेरून येई आणि ते वाईट असे. आठवडाभरानं माय स्वतःच त्यांना रांधून घालू लागली. ज्वारीच्या भाकरी त्यांना जमेनात, पण अंबाडीची भाजी केली तेव्हा सगळे उठून उभे राहिले. त्यांच्याकडे तिला गोंगुरा म्हणतात आणि आपल्या गावाबाहेर ती मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. माय त्यावर खूश झाली पण दाखवलं नाही. "भाजीले काय, कुठीबी उगते," म्हणाली. वाढायचं काम माझ्याकडे आलं, आणि तिथेच माझा हात शेषगिरींच्या नजरेस पडला.

माझ्या उजव्या हाताला सहा बोटं आहेत. करंगळीच्या पलीकडे एक. लोंबणारं, नुसतं मांसाचं नाही. हाड आहे, नख आहे, पेर आहे, आणि करंगळीबरोबर ते थोडं वाकतं. जन्मले तेव्हा सुईणीनं माय‌ला सांगितलं होतं की घोड्याच्या केसानं आत्ताच घट्ट बांध, आठ दिवसांत वाळून गळून पडेल. मायनं बांधलं आणि संध्याकाळी सोडलं. का सोडलं म्हणून मी मोठेपणी विचारलं तर म्हणाली, "तू रडून राह्यली होतीस." यापलीकडे तिचं काही तत्त्वज्ञान नव्हतं. लोक म्हणत सहा बोटांची पोरगी भाग्याची असते. पण असं म्हणणाऱ्या घरातून मागणी येत नसे. शाळेत मुलं चिडवत, मग मी डाव्या हातानं वही धरायला आणि उजवा हात ओढणीत ठेवायला शिकले. लिहिताना तेवढा तो बाहेर येई. वाढताना मात्र लपवता येत नाही. भाजीचं भांडं एका हातात आणि पळी दुसऱ्यात.

शेषगिरींनी बघितलं. जेवून हात धुतला आणि गेले. दुसऱ्या दिवशी मायला येऊन म्हणाले की मुलीची हरकत नसेल तर तिच्या हाताचा साचा घ्यायचा आहे. झालं असं होतं की गोष्टीतल्या पाहुण्याला सहा बोटं होती. तसे रबरी हातमोजे त्यांनी मद्रासहूनच करून आणले होते. पण सहावं बोट त्यांनी मनानं लावलं होतं, ते चिकटवल्यासारखं दिसे आणि हात हलला की नुसतं लटके. खरं सहावं बोट कुठून निघतं, कसं वाकतं हे त्यांना बघायचं होतं.

गोदामात ओट्यावर शहराशेजारी जागा करून त्यांनी माझा हात ठेवला. खोबरेल तेल लावलं आणि वरून ओलं प्लास्टर लिंपायला लागले. प्लास्टर आधी गार लागतं, मग घट्ट होता होता तापतं. मी घाबरून बघितलं तेव्हा म्हणाले, "तापतं म्हणजे बरोबर चाललंय." सहाव्या बोटाच्या बेचक्यात त्यांनी काडीनं प्लास्टर भरलं, जसं बाकीच्या बेचक्यांत भरलं तसंच. ना जास्त जपून, ना घाईनं. आजवर त्या बोटाला डॉक्टरांनी चिमटीत धरलं होतं, आत्यानं उचलून बघितलं होतं, मुलांनी ओढलं होतं. बोट म्हणून त्याला कोणी हात लावल्याचं मला आठवत नव्हतं.

आत्याबद्दल सांगायला हवं. बाबांची मोठी बहीण, मुधोळला दिलेली. तिनं मुधोळच्याच एका घरात माझं जवळजवळ जमवलं होतं. मुलाचं बी-बियाण्याचं दुकान होतं. बोटाबद्दल तिनं तिकडे काही सांगितलं नव्हतं, कारण ते राहणारच नव्हतं. आदिलाबादच्या डॉक्टरांनी बोट काढून देतो म्हटलं होतं, फक्त कडक उन्हाळ्यात नको, जखम चिघळते, मृग लागल्यावर या, असं सांगितलं होतं. जखम भरली की पाहुणे बोलवायचे, असा बेत. मला कोणी विचारलं नव्हतं आणि विचारावं असं मलाही वाटत नव्हतं. दात काढतात तसं ते काढायचं होतं.

साच्यावरून केलेला हातमोजा दिसायला अगदी माझ्या हातासारखा झाला. पण उन्हानं रबर चिकट होई, बोटं एकमेकांना धरत, आणि पाहुण्यानं जमिनीवरून कापसाचं बोंड उचलायचं होतं ते काही केल्या उचललं जाईना. दोन दिवस त्यात गेले. डायरेक्टर तापट होता, त्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येई. तिसऱ्या दिवशी शेषगिरी बाबांकडे दुकानात गेले. त्यांना आता साचा नको होता, हातच हवा होता.

बाबा नाही म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण आत येऊन त्यांनी पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवला. "सिनेमात पोरीचा हात. उद्या मुधोळले कळलं तं?"

माय भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "तोंड दाखवून राह्यले का?"

"तोंड नाई. नुसता हात."

"मंग. कापाचंच हाय ना ते? कापल्यावर कोणाले दिसणार हाय? कापायच्या आंधी घेऊ द्या त्यायले फोटो."

 बाबांना यात चूक सापडली नाही असं दिसत होतं. शेवटी म्हणाले, "गावात कोणाचा हात हाय हे सांगू नोका म्हणा," आणि दुकानात गेले.

हात रंगवायला सकाळ गेली. आधी डिंकासारखं काही लावून त्यावर पातळ कागदाचे तुकडे चिकटवले, ते वाळले की कातडीला सुरकुत्या पडत. वरून करडा-निळा रंग, शिरांवर गडद, नखांना काळपट. मनगटाच्या वर पाहुण्याच्या पोशाखाची रबरी बाही चढवली आणि सांधा कागदानं बुजवला. रंगवताना शेषगिरी मधेमधे मागे सरून, डोळे बारीक करून बघत. एकदा त्यांनी मान हलवली. मी विचारलं, चांगला नाही झाला का. म्हणाले, "बागुंदि, बागुंदि. फार चांगला आहे. अम्मा, तुझा हात जिवंत आहे. त्याच्या शेजारी माझी बाही मेलेली दिसेल, एवढीच भीती." मला तेव्हा त्याचा अर्थ नीट कळला नाही.

शेतात त्यांनी मला ओल्या गोणपाटावर पालथं झोपवलं, वरून काळं कापड टाकलं. फक्त हात बाहेर. कापडाखालून मला जमिनीची एक भेग आणि माझा हात एवढंच दिसत होतं. कापड पडण्याआधी पाहिलं तेव्हा पलीकडे पाहुण्याचं काम करणारा बारीकसा माणूस डोकं काखेत घेऊन आंबा खात उभा होता. डायरेक्टर सांगे तसं करायचं. हात जमिनीवर हळू पुढे सरकवायचा, बोंडाला आधी शिवायचं, थांबायचं, मग उचलायचं. "त्यानं कापूस कधी बघितलेला नाही, हे लक्षात ठेव," शेषगिरी कापडाबाहेरून म्हणाले. कापसाच्या गावातल्या मुलीला हे सोपं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा हात पुढे नेला. डायरेक्टर पुन्हा म्हणे. भेगेतून मुंग्या येत होत्या. मग केव्हातरी मी बोंडाकडे बघणं सोडलं आणि हाताकडे बघायला लागले. तो माझा होता आणि नव्हता. बोंडाची टोचरी टरफलं बोटांना लागली, मधल्या कापसावर बोटं मिटली, आणि सगळ्यांत शेवटी ते सहावं बोट करंगळीमागून आलं आणि बोंडाला खालून आधार देऊन थांबलं. बाकीच्या पाचांना तसा आधार देता आला नसता. हे मी ठरवून केलं नव्हतं. ते बोट नेहमी तसंच करत असणार, मीच कधी बघितलं नव्हतं.

 कॅमेऱ्याची घरघर थांबली. मग डायरेक्टरचा आवाज आला, पुरे.

घरी आले तर पडवीत चपला होत्या. मुधोळहून पाहुणे आले होते. खरे पाहुणे. शूटिंग चाललंय हे कानावर गेलं म्हणून आत्याला न जुमानता, तिलाही बरोबर घेऊन आले होते, दोन्ही कामं होतील म्हणून. मुलगा, त्याची आई आणि काका. आत्यानं मला मागच्या दारी गाठलं. "हे काय वं करून आली? धू लवकर." रॉकेल लावलं, साबण लावला. कागद निघाले, रंग वरचा गेला, पण कातडीच्या रेघांत आणि नखांच्या कडांना करडा राहिलाच. "डाव्या हातानं ट्रे धर," आत्या म्हणाली, "आन् उजवा पदरात राहू दे. एवढी येळ निभावून ने माय माही."

मी डाव्या हातानं पोहे दिले. मुलगा बुटका, गोरा, शांत होता, आणि त्यानं वर बघितलं नाही. त्याची आई बोलायला बरी होती. किती शिकली, स्वयंपाक येतो का, असं नेहमीचं विचारून झालं आणि मग म्हणाली, "बस इथं. हात दाखव बरं बाई." त्या काळी बघायचे तसे हात, कामाचे आहेत का, डाग नाही ना. यात तिचं काही चुकलं नाही. मी आत्याकडे बघितलं नाही, बाबांकडे बघितलं नाही. दोन्ही हात तिपाईवर ठेवले, बशीच्या दोन बाजूंना.

 मग मुलाच्या काकांनी पुढे वाकून, अगदी कौतुकानं विचारलं, "हे त्या सिनेमातलं लावलं हाय का?"

"रंग सिनेमाचा हाय जी," मी म्हणाले. "बोट माहं हाय."

पाहुणे पोहे संपवून, चहा घेऊन, नीट निरोप घेऊन गेले. शूटिंग न बघताच गेले. आत्या त्यांच्याबरोबरच निघाली. चार दिवसांनी तिनं निरोप पाठवला तो आम्हाला वाटलं होतं तितका वाईट नव्हता. त्यांना पोरगी पसंत होती. बोट काढून घ्या, मग बाकीचं बोलू. त्यांनी तरी याहून जास्त काय म्हणायला हवं होतं? बाबांना तर हायसं वाटलं. मृग लागायला थोडेच दिवस होते. त्यांनी डॉक्टरांकडे जायचा दिवस ठरवला आणि जेवताना सांगितला.

मी म्हणाले, "मले नाई जाचं."

"काऊन?"

मला कारण सांगता आलं नाही. आज विचारलं तरी नीट सांगता येईल असं नाही. मी एवढंच म्हणाले, "राहू द्या."

बाबांनी माझ्याकडे आणि मग मायकडे बघितलं. "सिनेमा डोस्क्यात गेला," ते म्हणाले. माय यावेळी माझ्या बाजूनं काही बोलली नाही. तिलाही तसंच वाटत असावं. बाबांनी मला मारलं नाही, ओढून नेलं नाही. बोलणं मात्र बंद केलं. काही हवं असलं तर मायला सांगत, मी समोर उभी असले तरी. गोदामातलं शहर उतरलं, परातींचं विमान गाडीत चढलं. शेषगिरी जाताना मायला नमस्कार करून गेले आणि मला म्हणाले, पडद्यावर बघ. पहिल्या पावसाबरोबर बाबांनी गोदाम झाडून घेतलं. दिवाळीपर्यंत मुधोळच्या मुलाचं दुसरीकडे जमलं. त्यात बाबांचा मान गेला आणि आत्याचाही. ती पुढे कितीतरी दिवस आमच्याकडे आली नाही.

माझं पुढे बेल्लमपल्लीला झालं, खाणीत पंपावर काम करणाऱ्या माणसाशी. ते बघायला आले तेव्हा मी बसल्याबरोबर हात पुढे ठेवले, कोणी म्हणायच्या आधी. त्यांनी बघितले, थोडा विचार केला आणि विचारलं, "भाकर थापताना मधात येते का?" मी नाही म्हणाले. त्यावर त्यांनी चहा उचलला. आमचा संसार चांगला झाला. पण ते नंतरचं. मधे ते अबोल्याचं वर्ष होतं, आणि ते वर्ष सगळ्यांत लांब होतं.

सिनेमा लागला तो पुढच्या वर्षी, दसरा होऊन गेल्यावर, आणि तोही आदिलाबादला. बोथला तो आलाच नाही. बाबांनी दुकानात कोणाकडून तरी ऐकलं आणि आत येऊन मायला म्हणाले, "हिले सांग. उद्या जाऊ." आम्ही तिघं सकाळच्या बसनं गेलो. बाबांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं होतं, आणि हे ते लग्नकार्याशिवाय करत नसत. टॉकीजमध्ये पंखे होते पण फिरत नव्हते. पुढे पोरं, मागे आम्ही. मी माय आणि बाबांच्या मधे.

शहर आलं. शेताच्या टोकाला उभं राहिलं आणि पुढची पोरं गप्प झाली. मायनं परातींचं विमान ओळखलं आणि माझ्या मांडीवर चापट मारली. पाहुणा उतरला. त्याचं डोकं पडद्यावर इतकं वाईट दिसत नव्हतं. तो भेगाळलेल्या जमिनीवरून चालत आला, थांबला, खाली वाकला.  बाबा पुढे सरकून बसले हे मला न बघता कळलं. पडद्यावर हात आला.

तो रबराचा होता. साच्यावरचा. त्यानं बोंडाला स्पर्श केला, सहावं बोट बाजूला लटकत राहिलं, आणि बोंड उचललं जाण्याच्या आत दुसरं दृश्य सुरू झालं. माझा हात कुठेच नव्हता. सिनेमा संपेपर्यंत मी वाट बघितली. पण मला कारण कळलं होतं. मघाशी पाहुण्याची बाही, छाती, मान सगळं रबर होतं, आणि त्या रबरात रबराचाच हात शोभत होता. माझा तिथे लावला असता तर लोकांना तोच खोटा वाटला असता. शेषगिरींना ते आधीच दिसलं होतं. मला राग आला नाही. रिकामं वाटलं, तेवढंच.

परतीची बस उभी होती. बाबा खाली उतरले आणि सीताफळं घेऊन आले. माय खिडकीशी बसली आणि गाडी सुटताच तिला डुलकी लागली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. बराच रस्ता गेल्यावर बाबा समोर बघतच बोलले. वर्ष उलटून गेल्यावर माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"त्यायनं घेतला नाई तुहा हात."

"नाई."

आणखी थोडा रस्ता गेला. "आता तं सिनेमाबी झाला," ते म्हणाले. "डॉक्टरकडं जाचं का?"

"नाई बाबा."

मग ते माझ्याकडे वळले आणि बघत राहिले. मी काहीतरी जोडून बोलेन असं त्यांना वाटलं असावं.  बाहेर बघत त्यांनी मान हलवली, दोनदा, हिशेब पटल्यावर हलवायचे तशी. पिशवीतून एक पिकलेलं सीताफळ काढलं, दोन्ही अंगठ्यांनी फोडलं आणि अर्धं माझ्यापुढे धरलं. मी सवयीनं डावा हात पुढे केला. त्यांनी दिलं नाही. फळ तसंच धरून ते थांबले, गाडी खड्ड्यात आदळली तरी थांबले, आणि मी पदरातून उजवा हात बाहेर काढला तेव्हा त्यावर ते ठेवलं.